लेकीला आणायला गेलो आणि वाइनचा रंग बघून आलो

रविवारी पहाटे पाचला सुरतच्या गोडादऱ्याहून निघालो ते फिरायला नव्हे, लेकीला परत आणायला. मयुरी चार महिन्यांपासून दिंडोरीजवळच्या एका वायनरीत नोकरी करते, पाहुण्यांना वाइन चाखवते. ह्यांचे थोरले भाऊ दारूपायी गेले. त्यामुळे पोरगी दिवसभर पिते म्हणजे संपलंच, असं ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि मी मधल्या मधे दोघांची बोलणी खात होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते, बारडोली, उनाई, वघई आणि सापुतारा असा रस्ता धरा. घाटात वळणं भरपूर आहेत, पोट हलकं ठेवा. सापुताऱ्याला चहा घेतला, वणीला मिसळ खाल्ली. सहा तासांत हे एकूण चार वाक्यं बोलले, त्यांतली दोन डिझेलबद्दल.

वायनरीत चाखण्याचे माणशी चारशे रुपये घेतात. आमचे मयुरीने भरले. काळा एप्रन लावून ती टेबलामागे उभी होती. तिने लाल वाइन ओतली, ग्लास गोल फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकला.

हे चमकले. "थुंकलीस?"

"कामावर गिळत नाही पप्पा. गिळलं तर चौथ्या ग्लासाला जीभ कामातून जाते."

ह्यांच्या कपाळावरची आठी किंचित सैल पडली. पण माघार कुठली! "ब्लेंड लिहिलंय बाटलीवर. म्हणजे भेसळच ना?"

"शिराझ आणि कॅबरने, दोन जातींची द्राक्षं आहेत. तुम्ही मरून रंग एकाच डब्यातून काढता का?"

माझा नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर आहे, तीस वर्षं कापडाची शेड जुळवतोय. ह्यांनी ग्लास उचलला, पांढऱ्या पेपर नॅपकिनवर तिरका धरला आणि मिलमध्ये बघतात तसा एक डोळा बारीक केला.

"कडेला जांभळा मारतोय. माल नवा आहे?"

मयुरी बघतच राहिली. "पप्पा, हे शिकायला मला महिना लागला! जुनी झाली की कड विटकरी होते. चाखण्याची पहिली पायरीच ही."

"तीन ग्लास आण. शेड लावून बघू," हे म्हणाले. मी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत मागच्या पडवीत घरचे डबे उघडले. वाइनची चव मी एकटीनेच घेतली. ह्यांनी एक थेंबही घेतला नाही, आणि तिनेही आग्रह केला नाही. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीवर घोट घेतला तर घशात आगच लागली. मयुरी म्हणाली, तिखटावर तुरट वाइन अशीच चिडते. भाजलेल्या वांग्याच्या भरितावर मात्र त्याच घोटाचा तुरटपणा गेला, धुराचा वास खुलला. तिने लगेच वहीत लिहून घेतलं, वायनरीच्या हॉटेलच्या मेनूसाठी. तुम्ही गेलात तर भरीत-भाकरी न्या, तिखट बेतानं घाला. आणि बाटली सोबत आणायचा विचारही करू नका, आपल्याकडे दारूबंदी आहे.

निघताना हे तिला एवढंच म्हणाले, "डोळ्यांना जप. शेड बघणाऱ्याचे डोळे लवकर थकतात."

संध्याकाळी घरी पोचलो तर शेजारच्या जिजी लेकीला आणलं का ते विचारायला ओट्यावर वाट बघतच होत्या. "काय भाऊ, आंडेरले लई उनात का?"

"नही जिजी, ती तठेच राही," हे चपला काढत आमच्या अहिराणीत म्हणाले. "मन्ही पोर मास्तर शे तठे."