तारखेनं आलेली पन्नाशी

पन्नाशी माणसाच्या आयुष्यात एकदाच येते आणि उरलेल्या आयुष्याला दिशा देऊन जाते, असं माझ्या मित्राच्या मानपत्रात लिहिलं होतं. माझ्या मित्राची पन्नाशी एकाच आठवड्यात दोनदा आली. आधी तिथीनं, मग तारखेनं. मानपत्र तिथीला वाचलं गेलं, त्यामुळं तारखेबद्दल त्यात काहीच नव्हतं.

मित्र जालन्यात वकिली करायचा. निजामाचा अंमल, उर्दूतलं कामकाज, अंगात काळी शेरवानी. कोर्टात तो बोलायला लागला की बाहेर टांगेवाल्यांना ऐकू जायचं. मस्तगड मोहल्ल्यातल्या घरी मात्र थोरल्या भावाचं चालायचं, आणि तिथं हाच माणूस पाणीसुद्धा हळू आवाजात मागायचा.

आमच्यातला तिसरा म्हणजे मास्तर, सरकारी मदरशात शिकवणारा मुसलमान. आम्ही तिघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेलो. मास्तर रोज संध्याकाळी वकिलाच्या ओसरीवर बुद्धिबळ खेळायला यायचा. त्याच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. त्यातून तो वर्षानुवर्षं चहा प्याला आणि त्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. वकीलही बोलला नाही. जालन्यातल्या बऱ्याच घरांत असा एक कोनाडा होता आणि त्याबद्दल न बोलण्याचीच रीत होती.

तिथीच्या पन्नाशीला पन्नास दिव्यांनी ओवाळणं झालं. मानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी वकिलाची तुलना हिमालयाशी केली, मग समुद्राशी. दोन्ही त्यांनी पाहिलेले नव्हते. जेवायला इतकी माणसं लोटली की ओसरीही भरली, आणि मास्तराचं पान पायऱ्यांजवळ मांडलं गेलं, चपलांच्या शेजारी. मास्तरानं पानाकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, आणि मला म्हणाला, “आज गर्दी दिसून राह्यली. येतो मी मंग कधी.”

त्यानंतर तो बुद्धिबळाला आला नाही. वकील पट मांडून बसायचा, दिवेलागणीला गुंडाळून ठेवायचा. मी खेळायला बसलो तर म्हणायचा, “तू नको. तुझ्याशी जिंकायला काय मजा.”

चौथ्या संध्याकाळी तो उठला आणि मला घेऊन मास्तराच्या घरी गेला.

“उद्या माझी पन्नाशी आहे,” तो म्हणाला.

“झाली की त्या दिवशी.”

“ती तिथीची. घरच्यांची होती ती. ही तारखेची.”

“मंग ही कोणाची?”

“आपली तिघांची. आरशाच्या बारात.”

आरशाचा बार स्टेशनच्या रस्त्याला नुकताच निघाला होता. सिकंदराबादहून आलेल्या एका पारशानं तो थाटला होता. मास्तर हसला. “सगळं कुराण पाठ असलेल्या हाफिजाचा नातू मी, आणि बारात? लोग क्या बोलेंगे?”

“मी आत शिरताना दिसलो की तुझ्याकडं कोण बघतंय? आणि प्यायचं कोण म्हणतंय? यार, आपण तिघं एका टेबलाशी बसू अशी दुसरी जागा दाखव या गावात. लगेच जाऊ तिकडं.”

मास्तराला दाखवता आली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आम्ही तिथं पोचलो. संगमरवरी टेबलं, वेताच्या खुर्च्या, गॅसबत्त्या, आणि समोर भिंतभर आरसा. सगळं इतकं चकचकीत होतं की आम्ही जोडे दाराशी काढायला निघालो होतो. मालक पांढरा कोट घालून लगबगीनं आला. वकील गिऱ्हाईक म्हणून आल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

“वकीलसाब, बिलकुल बेफिकर बैठो,” तो म्हणाला. “अपने यहाँ पूरा बंदोबस्त है.”

त्यानं आरशाच्या दोन बाजूंना बोट दाखवलं. तिथं ग्लासांच्या दोन फळ्या होत्या. एकीवर सोनेरी रंगात ‘हिंदू’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘मुसलमान’. उर्दूतही आणि मराठीतही. अक्षर फार सुरेख होतं. आरशामुळं दोनाच्या चार फळ्या दिसत होत्या.

मास्तर टेबलाच्या दगडावरून बोट फिरवत राहिला. ओसरीच आमच्याआधी येऊन बसली होती.

“एक ग्लास आणा,” वकील म्हणाला.

“एक? साब, आप तो तीन हैं.”

“एकच. मोठा. आणि लिंबू-सोडा.”

मालकाचा चेहरा दोनदा पडला. “कौनसे शेल्फ का?”

“तुमचा हात पोचंल त्या.”

सोड्याच्या बाटलीची गोळी फोडल्याचा आवाज झाला, ग्लास भरला. वकिलानं तो मास्तरापुढं सरकवला. मास्तरानं ओठ लावून, सावकाश, आम्हाला दिसेल असा मोठा घोट घेतला आणि ग्लास परत ठेवला.

आता वकिलाची पाळी. इथं सांगायला हवं, की आम्ही हिंदू घरांतले सगळे, चहा सोडला तर, भांडं ओठाला न लावता वरून पिणारे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तांब्यातूनसुद्धा. वकिलानं ग्लास उचलला आणि त्याचा हात सरळ डोक्याच्या वर गेला. मान मागं झाली, तोंड उघडलं. त्यात काही कपट नव्हतं. पन्नास वर्षांची सवय होती. पण मास्तरानं नजर खाली वळवली.

हात वरच थांबला. मग हळूहळू खाली आला. वकिलानं ग्लास ओठाला लावला, मास्तराचे ओठ लागलेल्या कडेलाच, आणि प्याला. असं प्यायची सवय नसल्यामुळं निम्मा सोडा शेरवानीवर सांडला.

“पचास साल का हो गया,” मास्तर म्हणाला, “और पीना नहीं आता.”

वकील हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. उरलेलं मी संपवलं. भलामोठा पराक्रम गाजवणारी माणसं मी पुढं पाहिली, त्यांच्या मिरवणुकाही पाहिल्या. पण वर गेलेला हात खाली आणणं मी त्या एकदाच पाहिलं, आणि ते करणाऱ्याला ओल्या शेरवानीत घरी जावं लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तर बुद्धिबळाला आला. चहा आला तेव्हा वकिलानं कोनाड्यातला कान तुटलेला कप स्वतः घेतला आणि आपला मास्तराला दिला. थोरला भाऊ ते पाहून आत निघून गेला. वकील त्या दिवसापासून त्याच कपातून चहा प्यायचा.

बाराच्या मालकानं मात्र माणूस पाठवून विचारलं, की तो ग्लास आता कोणत्या फळीवर ठेवायचा. वकिलानं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. पुढं एकदा मी तिथं गेलो, तेव्हा ग्लास गल्ल्याशेजारी होता. त्यात दात कोरायच्या काड्या ठेवल्या होत्या, आणि सगळेच त्यातून घेत होते.