यांच्या हातांचं माप

आमचे हे जाऊन पंधरा दिवस झाले. आमच्या पावसकडच्या दोन गावांना जमिनीखालचं पाणी एकच. म्हणून दोन्ही पंचायतींनी ठरवलेलं, सड्यावरच्या विहिरीत पाणी सहा वावांच्या खाली गेलं की बागांचे पंप बंद. मोजायचे हेच. दोर सोडायचे नि दोन हात पसरून वाव भरायचे. त्या दिवशी कुणाकडे चहासुद्धा घेत नसत.

काल दोघे सरपंच अंगणात भांडत आले.

"आमच्या माणसानं मोजलं, पाच वाव!"

"तुझा माणूस माडाएवढा! आमच्यानं सात मोजलं. वैनी, बाळाभाऊंचे हात केवढे होते?"

तीस वर्षं बघितले, पण मोजले कुठे? मी त्यांचा फुलशर्ट दिला. ओटीवर बाह्या पसरून विहिरीत सोडलेला दोर लावला, तर साडेपाच वाव.

"पंप चालू देत," दोघे म्हणाले नि शर्ट घेऊन गेले.

मग आठवलं, बाह्या बोटांच्याही पुढे यायच्या म्हणून हे दुमडून घालायचे. म्हणजे पाणी सहाच्या खाली गेलंय की काय?

आता जाऊन सांगते. शर्टपण परत मागते. पण मग मापाला दुसरं काय देऊ, तेच कळत नाय.