कोपऱ्यापासून फाटकापर्यंत

माझी ताई पडदे शिवते. सायकलवर घरोघरी जाते, खिडक्यांची मापं घेते, कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून आणते. गावभरच्या खिडक्या झाकणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या खिडकीला मात्र पडदा नाही. दिव्याखाली अंधार म्हणाल, तर तसं नाही. त्या खिडकीत भाऊजी बसतात आणि त्यांना रस्ता सतत दिसत राहावा लागतो.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, काही वर्षांपूर्वी सायकलवरून पडले. डोक्यावर काही नव्हतं. हाडं जुळली, डोकं काही पूर्वीसारखं झालं नाही. घरात ताई समोर आली की ते तिला 'अहो बाई' म्हणतात. 'अहो बाई, चहा छान झालाय हं.' परक्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीनं. मी म्हणजे त्यांच्या लेखी खालच्या मजल्यावरची भांडखोर. ते काही अगदीच चूक नाही म्हणा.

पण संध्याकाळी ताई कोपऱ्यावरून वळली, तिचे मोकळे केस उडताना दिसले, की हाच माणूस खिडकीतून ओरडायचा, 'आलं गं बाई माझं वादळ!' लग्नाआधी दोघं सायकली घेऊन भटकायची, तेव्हाचं हे नाव. ताई हात हलवायची. जिना चढून वर येईस्तोवर ती पुन्हा 'अहो बाई' झालेली असायची. दिवसभरात ती त्यांची बायको असायची ती एवढीच, कोपऱ्यापासून फाटकापर्यंत. तेवढ्यासाठी ती सकाळपासून जीव टाकायची, मला काय दिसत नव्हतं?

भाचीनं, म्हणजे तिच्या लेकीनं, हेल्मेट आणून दिलं. ताई म्हणाली, "सक्ती आहे का? नाही ना? मग माझं डोकं, माझं मी बघीन." मी भडकले. "घरात एकाचं डोकं गेलं ते पुरे नाही झालं? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. तुझं सगळं उलटंच!" ती हसली आणि हेल्मेटात पडद्याच्या कड्या ठेवायला लागली.

मग एकदा वळणावर हात हलवता हलवता तिचा तोल गेला. कोपर सोललं. डोकं फुटपाथच्या दगडापासून वीतभर लांब. मी धावत गेले, तर ही रडतेय.

"फार लागलं का गं?"

"मीही अशीच खिडकीत बसले, तर त्यांना कोण भरवणार गं?"

दुसऱ्या दिवशी कड्या डब्यात गेल्या आणि हेल्मेट डोक्यावर आलं.

त्या संध्याकाळी भाऊजी ओरडलेच नाहीत. ताईनं खालून हात हलवला, हाक मारली. ते तिच्या पलीकडे, कोपऱ्याकडे बघत राहिले. नंतर रोज तेच. कोपऱ्यावर उतरून, हेल्मेट काढून, सायकल हातात धरून चालत आली, तरी नाही. त्यांचं वादळ कधी चालत येत नसे. शेवटी मलाच बघवेना. म्हटलं, "खड्ड्यात गेलं ते हेल्मेट! काढ."

"नको," ताई म्हणाली. "मला वाटत नाही का गं? रोज त्या वळणावर हात पट्ट्याकडे जातो."

काल मी वर गेले, तर दोघं खिडकीशी शेजारी शेजारी बसलेली. रस्त्यावर दिवे लागले होते. भाऊजी कासावीस झाले होते.

"अहो बाई, ती अजून आली नाही."

"येईल हो. वाटेतच असेल."

"तिला एक सांगाल? डोक्याला काहीतरी घालत जा म्हणावं. मी कधी बोललो नाही. केस उडताना इतकी छान दिसते, की जीभच रेटली नाही माझी."

ताईनं तोंड फिरवलं. मग त्यांचा हात हातात घेतला.

"घालते हो ती आता."

"खरंच?" भाऊजींचा जीव भांड्यात पडला. ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. "मग उशीर झाला तरी चालेल. मी थांबतो."