आत्याचा तानपुरा, व्होल्टेज दोनशे तीस

व्हॉल्व्हचा प्रीअँप घरी बनवावा की बनवू नये, या प्रश्नावर आमच्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत चर्चा चालली, आणि तेवढ्या काळात कोणाचंही मत बदललं नाही.

प्रीअँप म्हणजे काय, हे मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं. रेकॉर्ड प्लेअरमधून येणारा आवाज फार अशक्त असतो. त्याला मोठ्या अँप्लिफायरकडे पाठवण्याआधी जरा खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करणारी पेटी, एवढंच मी समजून होतो. मी भूगोलाचा मास्तर. विजेशी माझा संबंध पवनचक्क्या कुठे आहेत इथपर्यंतच. पण एका दुपारी मोबाईलवरच्या एका फोटोत मला अशा प्रीअँपच्या दोन ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह, दिसल्या. अंगठ्याएवढ्या काचेच्या कुप्या, आणि आत देवघरातल्या निरांजनासारखा नारिंगी उजेड. मागे खिडकी, खिडकीत संध्याकाळ, एक माणूस आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेला. तो माणूस मी आहे, असं मला त्या क्षणी वाटलं आणि पुढे कित्येक महिने वाटतच राहिलं. बारावीच्या वर्गाला सह्याद्रीच्या घाटवाटा शिकवताना मी फळ्यावर राजूरच्या वर एक डोंगर काढला. पोरं हसायला लागली तेव्हा कळलं की त्या डोंगराला खाली ट्यूबसारख्या पिना आहेत.

"किट मिळतं," मी शुभदाला सांगितलं. "सगळे भाग डब्यात येतात. आपण फक्त कथलाचे डाग द्यायचे."

शुभदाचं सावेडीत औषधांचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट घरात यायच्या आधी ती तिचे दुष्परिणाम वाचते. तिने किटची माहिती शेवटून वाचायला घेतली.

"बंद केल्यावरही आत बराच वेळ करंट राहतो, असं लिहिलंय. जिवावर बेतू शकतं म्हणे."

"ते नवख्यांसाठी आहे."

"तुम्ही पंखा दुरुस्त केला होतात. तो अजून वारा वर फेकतो."

"शुभदा, या ट्यूबचा आवाज फार उबदार असतो."

"तुमची एक ट्यूब आधीच उशिरा पेटते. आणखी दोन कशाला?"

माझ्या बाजूला एकच माणूस होता, शेजारच्या फ्लॅटमधले युसूफभाई. कापडबाजारातलं दुकान मुलाच्या हाती देऊन ते आता दिवसभर मोकळे असतात, आणि मोकळा माणूस कुठल्याही योजनेला पाठिंबा देतो. पण त्यांचं कारण मात्र खरं होतं.

"वहिनी, आमच्या अब्बांच्या रेडिओत अशाच कुप्या होत्या," ते म्हणाले. "बटण दाबलं की आधी उजेड यायचा. आवाज मागाहून. मधल्या वेळात आम्ही सगळी भावंडं गप्प बसून त्या उजेडाकडे बघायचो. आता आवाज लगेच येतो. ते गप्प बसणंच गेलं."

यावर शुभदाही थोडा वेळ गप्प बसली. (नंतर म्हणाली, "तरी नाही.")

उरली आमची कुसुमआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन कर्जतला गेली ती शेतीवाडीत इतकी मुरली की तिचं बोलणंही तिथलंच झालं. आतोबा गेल्यावर आम्ही तिला चार दिवस हवापालट म्हणून आणलं. ती आली, बाल्कनीतल्या खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. टीव्ही नको, फिरायला नको, देवळात नको. "घर लई बोलतंय तुमचं," एवढंच म्हणायची. तिने चार वाक्यं सलग बोलावीत म्हणून शुभदा रोज नवी भाजी करायची आणि मी रोज नवा विषय काढायचो. म्हणून तिलाही विचारलं, "आत्या, बनवू का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं. बनव न्हाईतर नगं बनवू."

हे मत मी माझ्या बाजूने धरलं. त्याच रात्री मी झोपेत "रेझिस्टर" असं स्पष्ट म्हणालो, आणि शुभदाने शस्त्रं खाली ठेवली. अटी तीन. पायात रबरी चपला. चालू वस्तूजवळ जाताना एक हात खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही. आणि पहिल्यांदा बटण दाबायचं ते तिच्या हजेरीत.

किट आलं आणि जेवणाचं टेबल गेलं. आम्ही जमिनीवर ताटं घेऊन बसू लागलो. आमच्या डोक्यावर, टेबलावर, वाट्यावाट्यांतून रंगीत पट्ट्यांचे बारीक रेझिस्टर मांडलेले असत. एके दिवशी युसूफभाई चष्मा न लावता आले. गप्पा मारता मारता त्यांनी एका वाटीत हात घातला, चिमूटभर तोंडात टाकलं आणि चावू लागले.

"सर, तुमची बडीशेप फार कडक आहे."

मी ते भाग त्यांना तोंडातून बाहेर काढायला लावले, धुतले, पुसले आणि वाकलेल्या तारा सरळ करून जागच्या जागी बसवले. दुसरे मागवायचे तर आठवडा गेला असता, आणि माझं स्वप्न आता थांबायला तयार नव्हतं. संध्याकाळी खिडकीपाशी डाग देत बसलो की राळेचा धूर वर जायचा, बाहेर मुलं सायकली फिरवत असायची, आणि मला वाटायचं, हा धूर आणि हा उजेड असाच राहावा. अशा तंद्रीत मी कुठली तार कुठे जोडली, हे खरं तर मला विचारू नये.

उद्घाटन रविवारी संध्याकाळी ठेवलं. युसूफभाई नानकटाई घेऊन आले. आत्या बाल्कनीतून खुर्ची न हलवता फक्त मान वळवून बसली. शुभदा मेन स्विचखाली लाटणं घेऊन उभी राहिली.

"लाटणं कशाला?" मी विचारलं.

"लाकडी आहे. तुम्हाला करंट लागला तर याने बाजूला ढकलता येईल."

मी एक हात खिशात घालून दुसऱ्याने बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग दोन्ही कुप्यांच्या पोटात पहाट झाल्यासारखा लालसर उजेड आला, तो नारिंगी झाला. खोलीत कोणी बोलेना. युसूफभाई गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलासारखे बघत होते. शुभदाचं लाटणंही खाली आलं. इतके महिने मी जे पाहिलं होतं, ते हुबेहूब समोर होतं, आणि इथे वेळ थांबली असती तर माझी काही तक्रार नसती.

पण मग आवाज आला.

"घूंऽऽऽऽ."

मी घाईने रेकॉर्डवर सुई ठेवली. गाणाऱ्या बाई विहिरीच्या तळाशी बसून गात असाव्यात आणि वर कोणी भलामोठा भुंगा सोडला असावा, असं काहीतरी ऐकू येऊ लागलं. एक तार हलवली, भुंगा थोरला झाला. दुसरी हलवली, बाई पार गेल्या आणि भुंगा तेवढा राहिला.

"बेस चांगला आहे, सर," युसूफभाई म्हणाले. मग हळूच विचारलं, "माझ्या दातांमुळे तर नाही ना?"

शुभदाने मेन स्विचकडे हात नेला.

"थांब. हात लावू नगं."

आवाज बाल्कनीतून आला होता. आत्या उठून उभी होती. ती आत आली, त्या भुंग्यासमोर कान तिरका करून उभी राहिली आणि म्हणाली, "पांढरी पाच हाय."

"काय?"

"बाजाच्या पेटीवरची पांढरी पाच. माझीच पट्टी."

आणि ती खाली मांडी घालून बसली. डोळे मिटले, त्या घूंऽऽमध्ये सा लावला. पहिला जरा कापला. दुसरा लागला. मग तिने यमन सुरू केला, सावकाश, घाईत नसलेल्या माणसासारखा. आवाज थकलेला होता, वर जाताना तुटायचा. तुटला की ती थांबायची, भुंगा तिच्यासाठी तेवढा सूर धरून ठेवायचा आणि ती पुन्हा त्याच्यावर पाय ठेवून पुढे जायची. बाहेर अंधारून येत होतं. दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. दोन कुप्यांचा काय तो उजेड आत्याच्या चेहऱ्यावर. मला माझी आत्या गाते हेच ठाऊक नव्हतं. वडिलांनी कधी सांगितलं नाही, आणि मी त्यांना त्यांच्या बहिणीबद्दल काही विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली. भुंगा एकदम गप्प झाला. आत्याने हातातली ओळ तशीच पुरी केली, समेवर आली, आणि मग म्हणाली, "गेला का तुझा तानपुरा?"

युसूफभाईंनी डोळे पुसले आणि नानकटाईचा डबा आधी तिच्यापुढे धरला.

त्या दिवशी ती चार वाक्यं नाही, तासभर बोलली. लग्नाआधी एका गुरुजींकडे शिकली होती. तानपुरा माहेरीच राहिला आणि त्याला वाळवी लागली. "यजमानांना गाणं आवडत न्हाई असं नव्हतं. मी गायले की त्यांना झोप लागायची. बाजरी काढायच्या दिवसांत झोप परवडती व्हय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला त्या प्रीअँपचं वाईट वाटत होतं. पुढचे काही दिवस मी किटमधला जोडणीचा नकाशा घेऊन एकेक तार तपासली, आणि शेवटी चूक सापडली. एकच वायर मी दोन ठिकाणी अर्थिंगला जोडली होती. एका ठिकाणची काढली. बटण दाबलं. पूर्ण शांतता. रेकॉर्ड लावली तर बाई विहिरीतून वर येऊन आमच्या सोफ्यावर बसल्या. आयुष्यात प्रथमच माझ्या हातून एखादी वस्तू बरोबर झाली होती. मी सगळ्यांना हाका मारल्या.

आत्या मांडी घालून बसली. वाट पाहू लागली.

"लाव की."

"लावलाय, आत्या."

"मग आवाज कुठाय?"

"तोच तर घालवला."

तिने माझ्याकडे, मी कोणाचा तरी बैल विकून आलोय असं पाहिलं, आणि उठून बाल्कनीत गेली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. शुभदाने मोबाईलवर तानपुरा लावून दिला. आत्याने थोडा ऐकला आणि परत केला. "हा लई शहाणा वाजतो," म्हणाली. "त्यो आपला घरचा हुता."

"जोडा परत," शुभदा मला म्हणाली.

मी वायर परत जोडली. किंचित गुणगुण आली, भुंगा आला नाही. मग मी जाणूनबुजून चुका करू लागलो. इकडची तार तिकडे, तिकडची इकडे. एकही चूक मनासारखी होईना. संध्याकाळी शुभदाने चहा आणून ठेवला आणि माझी खुर्ची खिडकीकडे वळवली.

"तुम्ही फार लक्ष देताय. तेव्हा कुठे लक्ष होतं तुमचं? बाहेर बघा आणि करा."

मी बाहेर बघत बसलो. सायकली चालल्या होत्या, समोरच्या गच्चीवर कोणी चादरी गोळा करत होतं, आकाश जांभळं होत होतं. हात आपोआप चालत होते. बटण दाबलं.

"घूंऽऽऽऽ."

बाल्कनीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आता आत्या कर्जतला जायचं नाव काढत नाही. संध्याकाळी ती शिकवते. युसूफभाईंची सून येते, खालच्या मजल्यावरच्या दोघी येतात, दुकान लवकर बंद झालं तर शुभदाही बसते. मी रेकॉर्ड ऐकायच्या तर हेडफोन लावून बेडरूममध्ये ऐकतो. परवा आत्याने मला बोलावलं.

"अव्या, या सुनबाईचा आवाज खालचा हाय. तिला काळी एकमधला एक बनवून दे."

"आत्या, ते नाही जमायचं. हा सूर माझा नाही, विजेचा आहे. भारतभर सगळ्या तारांतून हीच पट्टी येते."

आत्याने यावर नीट विचार केला.

"म्हंजी सूर वीजवाल्यांचा. मग एवढे महिने बसून तू काय केलंस?"

माझ्याआधी शुभदाच म्हणाली, "त्यांनी चूक केली, आत्या. पण सुरात."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल ती याहून बरं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.