सोनबाच्या चार चिंध्या

सोनबा पाटेवाल्याला गाडी चालवता येत नाही. वय पासष्ट, त्यातली चाळीस वर्षं जिपांच्या आणि ट्रकांच्या खाली पाठीवर पडून गेली, पण स्टेअरिंगवर बसा म्हटलं की हा माणूस लाजतो. गाडीचं त्याला फक्त बूड ठाऊक. पाटा म्हणजे गाडीचं ओझं पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांचा आवाज ऐकून कुठली पट्टी तुटलीय ते तो बिनचूक सांगतो. नारायणगावच्या आसपास कुणालाही विचारा. मला विचारू नका, कारण त्या नावाला काळं फासायला मीच निघालो होतो.

मी गोरख. वारूळवाडीत माझं गॅरेज आहे. सहा वर्षं सोनबाच्या हाताखाली शिकलो. पुढे रस्ता रुंद झाला, त्याची पत्र्याची शेड गेली आणि मी त्याला माझ्याकडे आणलं. 'आणलं' म्हणताना मला फार मोठेपणा वाटायचा. मग 'गोरख ऑफ-रोड' असा बोर्ड लावला, पुण्याची हौशी माणसं गाड्या उंच करून घ्यायला यायला लागली आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

सोनबा महाळुंगे पडवळचा, मेंढपाळाच्या घरातला. एखादी मेंढी लंगडायला लागली की त्याचा बाप तिच्या गळ्यात लाल चिंधी बांधायचा, म्हणजे कळप वळायला दुसरं कुणी आलं तरी तिला दामटणार नाही. सोनबानं ती चिंधी गाडीखाली आणली. पाट्याचं एक टोक ज्या झुलत्या कडीनं चासीला लटकतं, तिला आम्ही शेकल म्हणतो. तिचे बोल्ट तो आधी बेतानंच बसवतो आणि प्रत्येक पाट्याला एक लाल चिंधी बांधतो. मग गाडी जॅकवरून उतरवायची, रोज बसतात तितकी माणसं आत बसवायची, पाटा दबून आपल्या जागी आला की बोल्ट आवळायचे आणि मगच चिंधी सोडायची.

"जॅकवर आवळलेला बोल्ट म्हंजी झोपंत घेतलेला अंगठा," असं तो म्हणायचा. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर कडीतला, बोल्टाभोवतीचा रबरी बुश तसाच पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की तो पिळला जातो, आणि पिळलेलाच राहतो. एक दिवस फाटतो.

हे सगळं मला पाठ होतं. पण गॅरेजपुढे दहा माणसं गोळा करून गाडीत कोंबायची, खालून हा ओरडणार, "आजून येक जाडा मानूस बसवा राव!" आणि पुण्याची गिऱ्हाइकं मोबाईल काढून हसणार. मला त्याची लाज वाटायची. ज्याच्यामुळे चार घास खात होतो, त्याच्या कामाची लाज.

मग भागूची जीप आली. भागू घोडेगावच्या वरचा, डोंगरातल्या वाडीतला. एसटी जिथून मागे वळते, तिथून पुढे तो माणसं नेतो-आणतो. दगड जिपेच्या पोटाला लागतात म्हणून त्याला ती तीन इंच उंच करून हवी होती. सोनबानं नवे पाटे चढवले, लांब शेकल बसवले, चार चिंध्या बांधल्या.

"भाच्याचं लगीन हाय. मी परवा येतो," जाताना तो म्हणाला. "भागूला मानसं घिऊन बोलीव. मंग आवळू."

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? व्हिडिओ काढला. जीप जॅकवर, चारही चाकं हवेत, आणि मी काळा चष्मा लावून एअर गननं कडाकड बोल्ट आवळतोय. चिंध्या आधीच सोडून खिशात कोंबल्या, कारण व्हिडिओत त्या गबाळ्या दिसल्या असत्या. भागूला फोन केला, तो जीप घेऊन गेला.

सोनबा आला. जीप नाही. "चिंध्या कुनी सोडल्या?"

"मीच. चौकातली मानसं बसवली व्हती."

"जाडी व्हती ना?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो.

तीन आठवड्यांनी तीच जीप ट्रॅक्टरमागे दोर बांधून आली. उतारावर मागून खडखड आली, जीप एका अंगाला ओढली गेली आणि चरात जाऊन बसली. आत बसलेल्या, भागूच्याच वाडीतल्या प्रयागबाईंचं मनगट मोडलं होतं. भातलावणी तोंडावर, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये.

सोनबानं शेकल खोलून बुश काढला आणि तळहातावर धरला. रबर एकाच बाजूला पिळून फाटलं होतं. ते कसं फाटतं, हे आमच्या दोघांखेरीज तिथं कुणाला कळणार नव्हतं. त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं.

"हे आवळलं कुनी व्हतं?" भागूनं विचारलं.

मी म्हणालो, "पाट्याचं काम बाबाच करत्यात. आता वय झालंय त्यांचं..."

वाक्य पुरं करायची गरजच पडली नाही.

"व्हय," सोनबा म्हणाला. "माझंच चुकलं."

त्या दिवशी मी जेवलो नाही. त्यात काय मोठं केलं? तोंड होतं तेव्हा उघडलं नाही, नंतर उपाशी ठेवून काय उपयोग. डोंगरातल्या चार वाड्यांत बोभाटा झाला, की सोनबाच्या हातातली कला गेली.

त्यानं नवे बुश बसवले. आपल्या उपरण्याची किनार फाडून चार चिंध्या बांधल्या. जुन्या चार माझ्या कामाच्या पँटच्या खिशात तशाच होत्या. त्यानं मागितल्या नाहीत. "घोडेगावला आवळू," म्हणाला. "मानसं तितंच हायेत."

सावकाश हाकत घोडेगावला गेलो. एसटी स्टँडबाहेर भागूची नेहमीची माणसं जिपेत बसली. पिशव्या, तांदळाचं पोतं, सगळं रोजच्यासारखं. प्रयागबाई गळ्यात हात अडकवून पुढे बसल्या. सोनबा खाली शिरला. बाहेर त्याचे पायच तेवढे दिसत होते.

प्रयागबाई वाकून म्हणाल्या, "बाबा, आता दिसत नसंल तर या पोराकडनं शिकून घ्या की. लई हुशार हाय म्हनं ते."

माणसं हसली. सोनबाचे पाय हलायचे थांबले.

माझ्यानं ते सोसवलं नाही. खिशातल्या चिंध्या काढून मी प्रयागबाईंच्या मांडीवर ठेवल्या. "मावशी, ह्या बाबांनी बांधल्या व्हत्या. सोडल्या मी. जॅकवर आवळलं मी, आन् खोटंबी मीच बोललो."

कुणी हसलं नाही. भागू माझ्या अंगावर आला, पण कॉलर धरून सोडून दिली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्रयागबाईंनी खाली बघत विचारलं, "मंग तुमी का वो गप ऱ्हायला?"

"नीट बसा, बाई. वजन हालतंय," खालून आवाज आला. आणि मग, "त्याला शिकवलं कुनी? मीच न्हवं?"

मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोरख, पाना आन."

मी खाली शिरलो. त्यानं पाना घेतला नाही. सरकून जागा दिली. "आवळ." मी आवळायला लागलो. तो माझ्या हाताकडे बघत होता, पहिल्या वर्षी बघायचा तसा. "आजून अर्धा. बास." चारही पाटे झाले. मी चिंधी सोडायला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "ह्या मी सोडतो."

त्याला आता दीड वर्ष झालं. सोनबा रोज गॅरेजवर येतो, चहा माझ्याबरोबरच पितो, त्या दिवसाचा विषय काढत नाही. बोल्ट मला आवळू देतो. चिंध्या अजून तोच सोडतो.