भिजवलेली चित्रे

पोलीस सेवेतली बरीच प्रकरणे मी विसरलो. आमच्या शहरातल्या, पुण्यातल्या नव्हे, भवानी पेठेतले ते एक मात्र मनातून जात नाही.

इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक सकाळीच ठाण्यात आले. जुन्या अभिजात नाटकांतल्या प्रवेशांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे ते चाळीस वर्षे जमवत होते. कुठे दरबारातला राजा, कुठे शुद्ध हरपलेली नायिका. सगळा संग्रह एका संग्रहालयाला द्यायचे ठरले होते. त्याची कागदपत्रे करायला ते दोन दिवस पुण्याला गेले आणि परतले तेव्हा भिंती रिकाम्या होत्या. पत्नी म्हणाली, मी देवळात गेले होते, तेवढ्यात झाले असेल.

पंचनामा केला. कुलूप शाबूत होते, म्हणजे माहीतगाराचे काम. चौथ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या एका फ्रेमवाल्याने खबर दिली, की एक बाई रिकाम्या चौकटी विकून गेली. ती शिक्षकांच्या घरी धुणीभांडी करणारी, मूळची वैरागची. महिला हवालदारासमोर मी तिची तीन तास चौकशी केली. आवाजही चढवला.

"सायेब, बाईंनीच दिल्या की चौकटी. इकून ये म्हणाल्या. चित्रं न्हवती त्यात," एवढेच ती सांगत राहिली. खोटे बोलणारा माणूस तपशील बदलतो. तिने एकही बदलला नाही.

मी शिक्षकांच्या घरी गेलो. पत्नी मागच्या अंगणात बसली होती.

"चित्रं कुठं आहेत, बाई?"

"भिजवली. मेथ्या घालून कुटली आणि टोपल्या लिंपल्या." तिने उन्हात वाळत ठेवलेल्या टोपल्यांकडे बोट दाखवले. एका टोपलीवर, लगद्यात, छापील हाताची तीन बोटे दिसत होती.

शिक्षक दारात उभे होते. "सगळी?" त्यांनी विचारले.

"सगळी. आपली पोरगी तापानं फणफणत होती तेव्हा तुम्ही चित्र आणायला पुण्याला गेलात. थांबा म्हटलं होतं मी. तुम्ही आलात तेव्हा तिला स्मशानात नेलं होतं. तेच चित्र तुम्ही पलंगासमोर लावलंत. तीस वर्षं रोज पुसलं मी ते."

ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले. पत्नीचा जबाब मी वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले, "यात पोरीचं लिहिलंय का?"

"त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि सही केली.

कामवालीला पेठेत पुन्हा कोणी काम दिले नाही. ठाण्यात बसवलेली बाई, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. ती वैरागला परत गेली. शिक्षक वर्षभरात वारले. शेवटपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी बोलली नाहीत, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

वस्तू कोणी नेली, हे मी आयुष्यभर विचारत आलो आणि बहुतेक वेळा उत्तरही मिळवले. पण शिक्षकांच्या पत्नीला मी दिलेले उत्तर चूक होते. पोरीचा त्या गुन्ह्याशी संबंध होता. तेवढा एकच होता, आणि मी तो कागदावर येऊ दिला नाही.