हरणीची टाळी

भोसरीच्या छबूबाई लोहारणीबद्दल लिहायचं तर आधी आमच्या गावातल्या पुरुषांना चार शब्द सुनवावे लागतील. तिचा नवरा कोंडाजी घोड्यांना नाल ठोकायचा, तेव्हा नाल पडली की दोष वाटेतल्या दगडांचा. छप्पन साली बैलाच्या लाथेनं त्याचं उजवं मनगट मोडलं आणि इतकी वर्षं शेजारी घण मारणाऱ्या छबूबाईनं नाल ठोकायला घेतली. तेव्हापासून दोष बाईच्या हाताचा!

उद्धवरावांची घोडी हरणी शर्यतीत बैलगाड्यांच्या पुढे पळायची. महिन्यात तीनदा तिच्या पुढच्या पायाची नाल पडली. उद्धवराव दारात येऊन म्हणाले, "छबू, चाकणची शर्यत आठ दिवसांवर आलीया. आता नाल पडली तर आमी दुसरा नालबंद बघू." ते गेले असते तर मागोमाग सगळं गाव गेलं असतं आणि तिची भट्टी कायमची विझली असती.

"घोडी रस्त्यानं पळवून दावा," एवढंच ती म्हणाली आणि बांधावर डोळे मिटून बसली. हरणी गेली. टापांच्या मधेमधे लोखंडाचा खट्, खट् आवाज आला.

हा आवाज म्हणजे गावाचा मोठा अभिमान. घोडी 'टाळी देते' म्हणायचे, आणि टाळी देणारी घोडी लक्ष्मीची. उद्धवराव पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायचे.

"मालक, ही टाळी न्हाई. मागचा पाय पुढच्या नालेवर पडतोय. त्योच नाल उपटतोय."

"टाळी गेली तर घोडीची शान गेली!"

"मग नाल पडू द्या," छबूबाई म्हणाली आणि उठली. शेवटी उद्धवरावांनीच घोडी आणून बांधली.

तिनं पुढच्या खुरांचा वाढलेला भाग कानशीनं घासला. नालेची टोकं टाचेमागे बोटभर ठेवायची आपल्याकडची रीत. ती तिनं टाचेबरोबर छाटली. मागच्या नाला थोड्या मागे बसवून त्यांची तोंडं बोथट केली. कोंडाजी खाटेवरून कुरकुरला, "माझ्या बापानंबी अशी नाल ठोकली न्हाई."

"म्हनून तर पडत व्हत्या."

हरणी चालली ती टाळी न देता. उद्धवराव हिरमुसले. "बरं, पर कुनी इचारलं तर कोंडाजीनं ठोकली म्हनून सांगीन. बाईचं नाव घेतलं तर लोक हसतील."

छबूबाईनं पकड उचलली. "मग आत्ता काढते. नाव माझंच सांगायचं."

तिचा हा हट्ट मला फार आवडतो. उद्धवराव घुटमळले आणि म्हणाले, "सांगतो, बाई."

शर्यतीला बायका जात नसत. दिवसभर छबूबाई विळ्यांच्या बोथट धारा ठोकून पातळ करत बसली आणि दोनदा स्वतःच्या बोटावर हातोडी मारून घेतली. संध्याकाळी हरणी आली. छबूबाईनं एकेक पाय उचलून पाहिला. चारही नाला जागच्या जागी होत्या. नावाचं मात्र उद्धवराव काही बोलले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाकणचे तिघे आपापली घोडी घेऊन दारात उभे राहिले. खाटेवरच्या कोंडाजीला त्यांनी रामराम घातला.

"उद्धवरावांनी धाडलंय. तुमीच का छबूराव लोहार?"

छबूबाईचा हात भात्यावर थांबला. कोंडाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे.

"छबूराव हितं कुनी न्हाई," तो म्हणाला. "छबूबाई हाय. मी तिचा नवरा."